डावीकडचा आरसा

आषाढ लागला की आमच्या घरात आरसे बाहेर निघतात. तोवर लग्नसराई उरकलेली असते, मुंबईकर आंबे-फणस खाऊन परत गेलेले असतात, भाट्याच्या किनाऱ्यावर होड्या शाकारून ठेवलेल्या असतात, आणि माझ्यासारख्या लग्नाचे फोटो काढणाऱ्या बाईला तुळशीचं लग्न लागेपर्यंत फारसं कोणी विचारत नाही. बाहेर कॅमेरा काढायची सोय नसते. लेन्सना बुरशी धरू नये म्हणून एका कपाटात सतत बल्ब जळत ठेवावा लागतो. त्याच कपाटात आई पापडांचा डबा सरकवते, आणि मी काही बोलले तर म्हणते, तुझ्या काचांना ऊब लागते, मग माझ्या पापडांनी काय पाप केलंय.

यंदाही आरसे काढले. पलंगामागून एकेक ओढून काढला, वर्तमानपत्राच्या ओल्या बोळ्याने पुसला, भिंतीला टेकवून ठेवला. पुसता पुसता माझा हात मधेच थांबला. मला वाटलं होतं की त्या आषाढातला धक्का एव्हाना ओसरला असेल. तसं झालेलं नाही. भिंतीत ओल मुरते आणि उन्हाळाभर दिसत नाही, तसा तो नुसता आत बसून होता.

हे आरसे बाजारातल्या एका सलूनचे. मालक दुकान नवीन करत होता आणि जुने आरसे भंगारात काढत होता. उंच, जाड काचेचे, कडांना पारा उडून काळे ठिपके पडलेले. मी ते गोधड्यांत गुंडाळून टेम्पोतून घरी आणले तेव्हा आईने कपाळाला हात लावला. मुंबईत काही वर्षं एका स्टुडिओत काम करून मी रत्नागिरीला परत येऊन दोनेक वर्षं झाली होती. लग्नांचं काम मिळत होतं, पण लग्नातले फोटो लोकांचे असतात. मला माझे हवे होते. पावसात घरात कोंडलेली माणसं, खिडकीतून येणारा ताकासारखा पातळ उजेड, आणि तोच उजेड आरशांवर आपटून चेहऱ्याच्या न दिसणाऱ्या बाजूवर पडलेला. असं काहीतरी डोक्यात होतं. फोटोला बसायला माणूस हवं होतं, आणि घरात अण्णा होते.

अण्णा म्हणजे माझे वडील. मूळचे नाटे गावचे. मिसरूड फुटायच्या वयात जहाजावर गेले, डेकवरचा गंज खरवडण्यापासून सुरुवात केली आणि बोसन झाले, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम. माझं लहानपण त्यांच्या येण्याच्या आणि जाण्याच्या बातम्यांत गेलं. मग एकदा ते सुट्टीवर आले आणि परत गेलेच नाहीत. निवृत्तीला अजून अवकाश होता. आईने विचारलं तर म्हणाले, पाणी पुरे झालं. मी तेव्हा मुंबईत होते. फोनवर ऐकून मला आनंदच झाला. आयुष्यभर समुद्रावर काढलेल्या माणसाने घरी यावं, चार कलमं बघावीत, दुपारी आडवं व्हावं, यात विचारण्यासारखं काय होतं?

फोटोला बसणारा माणूस म्हणून ते फार गुणी होते. बाकीचे लोक कॅमेरा दिसला की केस सारखे करतात, पोट आत घेतात, झालं का म्हणून विचारतात. अण्णा बसले की बसले. धुतलेला पांढरा सदरा घालून, दोन्ही पंजे गुडघ्यांवर ठेवून, खूप लांबचं काहीतरी बघत असल्यासारखे. मी मनात म्हणायचे, जहाजावर वॉचवर, पहाऱ्याला, उभं राहून राहून लागलेली सवय आहे ही.

आरशातलं काम दिसतं तितकं सोपं नसतं. आरशातल्या माणसाचा फोटो काढायचा तर काचेपर्यंतचं अंतर धरून चालत नाही. काच तुमच्यापासून हातभर असली, तरी काचेतला माणूस त्याच्या मागे कुठेतरी खोल उभा असतो. तिथपर्यंत फोकस न्यावा लागतो, नाहीतर काचेवरचे डाग स्वच्छ येतात आणि माणूस धूसर. दुसरी अडचण आपलीच. आपण, आपला कॅमेरा, मागे दोरीवर वाळत घातलेले कपडे, सगळं कुठल्या ना कुठल्या आरशात उमटतं. पण एक नियम कधी दगा देत नाही. आरशात मला ज्याचे डोळे दिसतात, त्यालाही त्याच आरशात मी दिसते. उजेड ज्या वाटेने येतो त्याच वाटेने परत जातो. माणूस खोटं बोलेल, कॅमेराही बोलेल, पण हे असं दोघांचं एकमेकांना दिसणं आरशात चुकत नाही. मला तो नियम फार आवडायचा. ज्याचा फोटो काढतोय त्याच्यापासून लपायची सोय नाही, यात मला एक सभ्यपणा वाटायचा.

त्या दिवशी सकाळपासून झोडपत होतं. वीज गेलेली, म्हणून खोलीत खिडकीचाच काय तो उजेड. मी एक आरसा अण्णांच्या समोर ठेवला, दुसरे दोन त्यांच्या दोन्ही बाजूंना तिरके लावले. एकाच फोटोत त्यांचा समोरचा चेहरा आणि दोन्ही गाल यावेत अशी कल्पना होती. मी त्यांच्या मागे डाव्या अंगाला उभी राहिले. डावीकडच्या आरशात मला त्यांचा चेहरा दिसत होता, डोळ्यांसकट. मी सांगितलं, मान अजिबात हलवायची नाही. समोरच्या आरशात स्वतःकडे बघत राहायचं. बाजूच्या आरशात मी आहे, तिथे मी हात वर केला की हसायचं. मला मुद्दाम आणलेलं हसू नको होतं. नजर एकीकडे आणि हसू दुसरीकडून आलेलं, असं हवं होतं.

"बरां," अण्णा म्हणाले.

मी हात वर केला. अण्णा समोर बघत राहिले. मला वाटलं, मी फार हळू केला. पुन्हा केला, अगदी आगगाडीतल्या माणसाला निरोप देतात तसा हलवला. चेहऱ्यावर काही नाही. अण्णांना थट्टेची हौस होती, लहानपणी मी हाक मारली की ते मुद्दाम बहिरे व्हायचे. मी गळ्यातली लाल ओढणी काढली आणि आरशाला दिसेल अशी फडकवली. आरशात ओढणी लालभडक दिसत होती. तिच्या शेजारी अण्णांचा डोळा होता, उघडा, स्वच्छ, पाणीदार.

"काय गो बाय, कधी करणार हात?" ते म्हणाले. "तयारीत राहून गाल दुखले माझे."

आवाजात थट्टा नव्हती.

मी त्यांच्या मागून उजव्या अंगाला गेले आणि त्या बाजूच्या आरशात तेच केलं. काही नाही. मग मी ओढणी वर धरून, पाऊल न वाजवता, बाजूकडून मध्याकडे सरकायला लागले. मी समोरच्या आरशात शिरले. माझा हात त्यांच्या खांद्याजवळ आला, कानाजवळ आला. आरशात ओढणी त्यांच्या गालाला टेकेल इतकी जवळ गेली, तेव्हा कुठे त्यांच्या डोळ्यांत ओळख उमटली आणि ते मनापासून हसले.

"हां. आता आलीस."

माझ्या दुसऱ्या हातात कॅमेरा होता आणि बोटाने सवयीने बटण दाबलं. तो फोटो माझ्याकडे आहे. ज्यांना माहीत नाही ते म्हणतात, किती सुंदर हसलेत. मला त्यात फक्त हे दिसतं की त्या क्षणापर्यंत मी त्या खोलीत त्यांच्यासाठी नव्हतेच.

मी म्हटलं, झालं अण्णा, उजेड गेला. ते उठले. उठताना त्यांनी खुर्चीच्या हातावरून पंजा शेवटपर्यंत फिरवला, मग मान डावीकडून उजवीकडे सावकाश वळवली, आणि मगच पाऊल टाकलं. हे मी रोज बघत होते. शेजारीपाजारी कौतुकाने म्हणायचे, जहाजावरची सवय, अजून सगळीकडे नजर ठेवतात. प्रत्यक्षात ते त्यांना उरलेला चिमूटभर उजेड खोलीभर फिरवून खोली शोधत होते.

आई स्वयंपाकघरात फणसाच्या आठळ्या सोलत बसली होती. मी तिला विचारलं, अण्णांना बाजूचं दिसत नाही का? तिने मान वर केली नाही. एक आठळी सोलून ताटात टाकली, दुसरी घेतली.

"तुला आज कळलां?" ती म्हणाली.

मी तिथेच पाटावर बसले. तिने सांगितलं ते असं. अण्णांना नळीतून बघावं तसं समोरचं तेवढं दिसतं. म्हणून पेपर वाचता येतो, म्हणून सुईत दोरा ओवता येतो, म्हणून कोणाला शंका येत नाही. बाजूचं, खालचं, वरचं काही दिसत नाही, आणि समोरचं भोकही बारीक होत चाललंय. डावा डोळा तर जवळजवळ गेलेलाच. त्यांनीच घरी आल्यावर तिला सांगितलं होतं, आणि सांगताना बजावलं होतं की याला औषध नाही, मोठ्या डॉक्टरांनी हात टेकलेत. मी परत आले तेव्हा मला कळू द्यायचं नाही अशी शपथही घातली होती. पोरगी मुंबई सोडून आली आहे, तिचं बस्तान बसू दे, असं कारण दिलं होतं.

मी ऐकत होते आणि घरातली गेली काही वर्षं माझ्यासमोर उलगडून नव्यानेच दिसायला लागली होती. आई फार बडबडते अशी माझी तक्रार असायची. कोणी दारात आलं की ती आतून मोठ्याने म्हणायची, या या वहिनी, छत्री तिथेच पायरीवर ठेवा. चहा ठेवताना म्हणायची, हा ठेवला उजव्या हाताशी, गरम आहे. गॅसचा सिलिंडर आला की, अहो तो पडवीच्या मधोमध ठेवलाय मेल्याने. मी एकदा वैतागून म्हटलंही होतं की जे आम्हाला दिसतंय ते सांगतेस कशाला. तेव्हा ती हसली होती. ती मला सांगतच नव्हती. ती एकाच माणसासाठी घराचं चित्र शब्दांनी रंगवत होती, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, आणि पाहुण्यांनाही वाटायचं की बाई मोठ्या बोलक्या आहेत.

खाडीतल्या काटेरी मासळीचं कालवण असलं की अण्णांच्या ताटात मासा निवडून पडायचा. मला तो लाड वाटायचा. अण्णांनी गुडघ्यांचं निमित्त करून स्कूटर विकली होती. मला ते खरं वाटलं होतं. आणि रोज संध्याकाळी दोघं भाट्याच्या पुलावरून फिरायला जायची, तेव्हा आई त्यांचा हात धरायची. आयुष्यभर चारचौघांत नवऱ्याशेजारी न बसलेली माझी आई. मी ते बघून मैत्रिणींना सांगायचे की आमचे आईबाप म्हातारपणी प्रेमात पडलेत. पुलावरून ट्रक जातात. ती त्यांच्या आणि ट्रकांच्या मधून चालायची.

दुपारी पावसाने जरा दम खाल्ला तेव्हा अण्णा पडवीत बसले होते. मी जाऊन समोर बसले, अगदी समोर, जिथून मी त्यांना दिसेन तिथे. त्यांना कळलंच होतं. म्हणाले, आरशांचा नाद बरा नाही हे मी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. मग त्यांनी सांगितलं की पाणी पुरे झालं हे खोटं होतं. मुंबईला जहाजावर चढण्यापूर्वीच्या तपासणीत डोळ्यांत दोष निघाला आणि त्यांना अनफिट ठरवलं. बरोबरचे खलाशी बॅगा उचलून गेले आणि ते बाकावर बसून राहिले. तिथल्या एका पोऱ्याने त्यांची बॅग उचलून बाजूला ठेवली, वाटेत येत होती म्हणून. तेवढं त्यांच्या मनात रुतून बसलं होतं.

"एकदा अनफिट म्हटलां की माणूस सामान होतो गो," ते म्हणाले. "मग जो तो उचलून बाजूला ठेवतो. मला घरात सामान व्हायचां नव्हतां."

मी दुसऱ्याच दिवशी दोघांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. अण्णा निमूट आले, त्याचंच मला नवल वाटलं. अंधाऱ्या खोलीत एका यंत्रात हनुवटी ठेवून त्यांची तपासणी झाली. आत ठिकठिकाणी बारीक उजेडाचे ठिपके चमकतात, दिसला की हातातलं बटण दाबायचं. म्हणजे मी ओढणीने जे केलं तेच, फक्त नीट मोजून. बाहेर आलेल्या कागदावर मधे एक पांढरा ठिपका होता आणि बाकी सगळं काळं. दुसऱ्या डोळ्याच्या कागदावर तो ठिपकाही पुसट होता. माझ्या बापाचं जग कागदावर छापून माझ्या हातात आलं होतं आणि ते जुन्या दुवाणीच्या नाण्याएवढं होतं.

डॉक्टर बाई तरुण होत्या, शांत बोलत होत्या. म्हणाल्या, हा काचबिंदू. मोतीबिंदूसारखं ऑपरेशन करून नजर परत आणता येत नाही, गेली ती गेली. पण डोळ्यातला दाब थेंबांनी ताब्यात ठेवता येतो आणि उरलेली नजर राखता येते. मग त्यांनी विचारलं, थेंब पूर्वी कधी सुरू केले होते का?

आईच उत्तर द्यायला लागली, की नाही हो, याला औषधच नाही म्हणून सांगितलं होतं यांना. डॉक्टर बाई तिच्याकडे बघत राहिल्या, मग अण्णांकडे. अण्णांनी खाली मान घालून सांगितलं की मुंबईतच थेंब दिले होते. जन्मभर घालायला सांगितले होते. काही महिने घातले. झोंबायचे, डोळे लाल व्हायचे, आणि दिसण्यात काही फरक पडत नव्हता. शिवाय बाटली खिडकीत दिसली की लोक विचारणार. म्हणून बंद केले.

"किती वर्षं झाली?" डॉक्टर बाईंनी विचारलं. अण्णांनी सांगितलं. त्या मान वर न करता कागदावर लिहीत राहिल्या. त्यातच उत्तर होतं. आईलाही ते कळलं. तिने माझ्या मनगटाला धरलं, आणि तिची बोटं इतकी गार होती की मी दचकले. अण्णांना दिसत नाही हे मला आरशाने सांगितलं तेव्हा मी हादरले होते, पण त्या खुर्चीत बसलेल्या माझ्या आईला जे कळलं ते त्याहून भयंकर होतं. हा काळोख टाळता आला असता. आणि ज्याला ते ठाऊक होतं, त्याच माणसाचे डोळे होऊन ती इतकी वर्षं बोलत राहिली होती.

आम्ही निघालो तेव्हा डॉक्टर बाई माझ्याकडे वळल्या. हा आजार रक्ताच्या नात्यात उतरू शकतो, तुम्हीही तपासून घ्या, म्हणाल्या. मी मान हलवली. त्या क्षणी मला ते ऐकू आलं, पण आत शिरलं नाही.

रिक्षात आई एक शब्द बोलली नाही. पाऊस धो धो पडत होता, रिक्षावाल्याने दोन्ही बाजूंना पडदे सोडले होते. एरवी ती म्हणाली असती, आता नाका आला, आता उतार लागला, डावीकडे धरून बसा. अण्णा वळणावर माझ्या अंगावर कलंडले आणि सॉरी म्हणाले. माझे वडील मला सॉरी म्हणाले.

घराशी उतरलो. आमच्या पायऱ्या चिऱ्याच्या. आषाढात त्यांच्यावर हिरवं शेवाळ धरतं. आई छत्री न उघडताच उतरली, भिजत पायऱ्या चढून आत गेली आणि दार लोटून घेतलं. अण्णा पायऱ्यांशी उभे राहिले. पाऊल किंचित पुढे केलं, मागे घेतलं. तिच्या आवाजाशिवाय त्यांना स्वतःचं घर सापडत नव्हतं. मी छत्री धरून त्यांचा हात घ्यायला गेले तर त्यांनी तो सोडवून घेतला.

"थांब," ते म्हणाले. "तिला येऊ दे."

आम्ही उभे राहिलो. छत्री दोघांना पुरत नव्हती, त्यांचा खांदा भिजत होता. मला वाटलं ती येणार नाही. ती येणार नाही असं वाटण्याइतकी मी तिला त्या दिवशी ओळखायला लागले होते. मग दार उघडलं. आई उंबऱ्यात उभी होती, पदराने तोंड पुसलेलं, डोळे लाल.

"मी नशीब म्हणून सगळां केलां," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "तुम्हाला ठाऊक होतां. तां नशीब नव्हतां."

पाऊस पत्र्यावर वाजत राहिला. मग तिनेच, भिंतीकडे बघत, म्हटलं, "पायरी आहे. शेवाळ झालेलां आहे, टाच टेकून या." अण्णा वर चढले.

पुढचे कित्येक दिवस आमच्या घरात गरजेपुरतंच बोललं गेलं. चहा उजव्या हाताशी आहे, एवढंच. दारात कोण आलं, बाहेर काय दिसतंय, हे बंद. थेंबांची बाटली आईने मुद्दाम पडवीच्या खिडकीत ठेवली, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी. ती रोज त्यांची पापणी बोटाने ओढून थेंब घालायची, आणि त्या वेळी दोघांचे चेहरे इतके जवळ असायचे की मी तिथून निघून जायचे. राग आणि सेवा एकाच हाताने करता येतात हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. शेजारच्या वहिनींनी बाटली पाहून विचारलं, तर अण्णांनी स्वतःच सांगितलं, मला बाजूचं दिसत नाही. वहिनी म्हणाल्या, अगो बाई. आणि मग त्यांनी त्यांच्या जावयाच्या पाठदुखीचा विषय काढला. अण्णा ज्याला इतकी वर्षं भीत होते ते एवढंसं निघालं. हे बघूनही मला धक्काच बसला, हसू आलं नाही.

श्रावणात एके दिवशी अण्णा म्हणाले, ते फोटो अर्धे राहिलेत ना, पुरे कर. मला आरसे हातात धरवत नव्हते. पण त्यांनी पांढरा सदरा घातला होता, आणि आईला हाक मारून शेजारी बसवलं होतं. तीही कुरकुरत बसली. मी एक आरसा त्यांच्यासमोर लावला, एक तिच्यासमोर. अण्णांना एका वेळी एकच चेहरा दिसणार होता, स्वतःचा नाहीतर तिचा. मी काही सांगितलं नाही. त्यांनी मान सावकाश फिरवली, आईचा आरसा शोधला आणि तिथे नजर स्थिर केली. आई मात्र कुठल्याच आरशात बघत नव्हती. ती खाली, अण्णांच्या पावलापाशी बघत होती, जिथे माझी वायर पडली होती. मी फोटो घेईपर्यंत तिने ती वायर पायाने हळूच बाजूला सारली. मी काढलेल्या सगळ्या फोटोंत मला तो खरा वाटतो.

अण्णांची उरलेली नजर अजून आहे. दुवाणीएवढी, पण आहे. आई पुन्हा बोलायला लागली आहे, पूर्वीइतकी नाही. कधी कधी ती मुद्दाम सांगायचं टाळते, आणि अण्णा मुद्दाम विचारत नाहीत, आणि त्या अवघड शांततेत घर चालतं. त्यांच्यात सगळं मिटलं असं मी म्हणणार नाही.

राहिले मी. डॉक्टर बाईंचं ते वाक्य मी पुढे ढकलत राहिले. लग्नं आली, गणपती आले, पुन्हा लग्नं आली. तपासायला गेले ती या वर्षी, आषाढाच्या तोंडावर. निकाल आधीच सांगून टाकते. दाब वाढलेला आहे. एका डोळ्याच्या कागदावर कडेला एक करडी छटा आहे, ती सुरुवात असेल किंवा काहीच नसेल, काही महिन्यांनी पुन्हा बघायचं. थेंब सुरू झालेत, झोंबतात. बाटली पडवीच्या खिडकीत दुसऱ्या बाटलीशेजारी असते.

पण मला निकालाचं नाही, त्या अंधाऱ्या खोलीचं सांगायचंय. यंत्रात हनुवटी ठेवली. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याने मधल्या पिवळ्या दिव्याकडे बघायचं. हातात बटण. ठिपके चमकायला लागले आणि मी दाबायला लागले. एक, आणखी एक. मग थोडा वेळ काहीच चमकलं नाही. यंत्राचा आवाज तर येत होता, म्हणजे कुठेतरी चमकत असणार. सगळ्यांना दिसणारं मला दिसत नसणार. लग्नातल्या त्या गर्दीत, मांडवाच्या कोपऱ्यात, कोण रडतंय, कोण हसतंय, ते डोळ्याच्या कडेने टिपण्यावर माझं सगळं चाललेलं. आणि माझ्या अंगठ्याने, मी ठरवलेलं नसताना, बटण दाबलं. काही दिसलं नव्हतं. पुन्हा दाबलं. नुसत्या यंत्राच्या आवाजाच्या तालावर मी दाबत सुटले. आपण इतक्या सहज हे करू शकतो याचा धक्का मला त्या काळोखात बसला, आणि बाकावर बॅग घेऊन बसलेले अण्णा मला त्या दिवशी पहिल्यांदा समजले.

तपासणी करणाऱ्या मुलीने यंत्र थांबवलं. रागावली नाही. तिने बहुतेक अशी पुष्कळ माणसं पाहिली असावीत.

"ताई, पुन्हा पहिल्यापासून घेऊ," ती म्हणाली. "दिसला तरच दाबा."

मी हनुवटी पुन्हा टेकवली. ठिपके चमकत गेले, मी दाबत गेले. मग मधेच यंत्राचा आवाज येत राहिला आणि बराच वेळ काही दिसलं नाही. मी अंगठा उचलून धरला, आणि दाबलं नाही.